मेलसर्व्हरचे होस्टनेम पुन्हा पुन्हा बिघडते तेव्हा: कारणे, तपासणीचा क्रम आणि टिकाऊ दुरुस्ती

मेलसर्व्हर कित्येक आठवडे सुरळीत चालतो, मग एके दिवशी मशीन रीबूट होते आणि बाहेर जाणारे मेल रांगेत साचू लागतात. कुठे सेंडमेल हा मेल पाठवणारा प्रोग्राम सुरू व्हायलाच मिनिटभर लागते, कुठे समोरचा सर्व्हर मेल स्वीकारायला नकार देतो, तर कुठे क्रॉनचे (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रामचे) अहवाल ‘रूट@मेल.लोकलडोमेन’ अशा कुठेच अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावरून निघतात. अशा वेळी कोणीतरी /इटीसी/होस्ट्स ही नावे आणि पत्ते यांची फाइल उघडतो, एक ओळ बदलतो, सेवा रीस्टार्ट करतो आणि काम मार्गी लागते; पण पुढच्या रीबूटला तीच तक्रार परत येते. ही तक्रार परत का येते आणि ती मिटवण्याची योग्य जागा कोणती, एवढाच या लेखाचा विषय आहे. आज्ञा, फाइलींची नावे आणि लॉगमधील संदेश येथे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करावेत. उदाहरणांसाठी एक्झाम्पल.ऑर्ग हे डोमेन आणि १९२.०.२.२५ हा पत्ता वापरला आहे, कारण दोन्ही दस्तऐवजांतील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत.

मूळ अडचण अशी की ज्याला आपण ‘सर्व्हरचे नाव’ किंवा होस्टनेम म्हणतो ते प्रत्यक्षात एका ठिकाणी नसतेच. कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, माहीत असलेले नाव वेगळे, जे गेटहोस्टनेम हे फंक्शन परत देते. ते नाव रिझॉल्व्हरला (नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या भागाला) विचारल्यावर मिळणारे, डोमेनसह पूर्ण नाव वेगळे, आणि ते होस्ट्स फाइल, डीएनएस (इंटरनेटवरील नावे आणि पत्ते यांची नोंदव्यवस्था) किंवा आणखी एखाद्या स्रोतातून येऊ शकते. मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामने स्वतःपुरते धरलेले नाव तिसरे. आणि बाहेरच्या जगाला डीएनएसमध्ये दिसणारे, म्हणजे पत्त्यावरून उलट शोधल्यावर मिळणारे नाव चौथे. ही चारही नावे जुळतात तोवर कोणाच्या काही लक्षात येत नाही. त्यांतले एक जरी सरकले तरी लक्षणे भलत्याच ठिकाणी दिसतात, म्हणून लक्षण दिसले तिथेच दुरुस्ती करणारा माणूस महिन्याभराने पुन्हा त्याच खुर्चीत बसलेला असतो. तपासणी कर्नलपासून सुरू करून बाहेरच्या दिशेने करावी. उलट दिशेने गेल्यास एका थरातील चूक दुसऱ्या थरात झाकली जाते.

कर्नल आणि रिझॉल्व्हर यांच्यातील तफावत

पहिल्या तपासणीला तीनच आज्ञा पुरतात.

होस्टनेम
होस्टनेम -एफ
गेटएंट होस्ट्स मेल

लिनक्सवर पहिली आज्ञा कर्नलमधील नाव जसेच्या तसे दाखवते. दुसरी आज्ञा तेच नाव रिझॉल्व्हरकडे पाठवते आणि त्याने ‘अधिकृत’ म्हणून परत दिलेले नाव छापते. तिसऱ्या आज्ञेत आपल्या मशीनचे छोटे नाव द्यायचे असते. त्या नावाचा पत्ता आणि त्या पत्त्याची नावे कोणत्या क्रमाने मिळतात हे ती दाखवते. दुसऱ्या आज्ञेने टिंब असलेले पूर्ण नाव दिले नाही, तर पुढे मेल प्रोग्रामला दोष देण्यात अर्थ नाही. येथे एक सवय मोडावी लागते: अनेक जण नाव तपासायला थेट डिग ही आज्ञा वापरतात, पण डिग फक्त डीएनएसला विचारते; होस्ट्स फाइल आणि शोधाचा क्रम ठरवणारी एनएसस्विच.कॉन्फ यांच्याकडे ती बघतही नाही. त्यामुळे डिगचे उत्तर बरोबर आणि तरी प्रोग्रामला मिळणारे नाव चुकीचे, असे सर्रास घडते. प्रोग्रामच्या नजरेने पाहायचे असेल तर गेटएंट वापरावे आणि बाहेरच्या जगाच्या नजरेने पाहायचे असेल तर डिग.

आता होस्ट्स फाइलमधील सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक पाहू. डेबियन आणि त्यावर आधारलेल्या लिनक्स वाटपांत (डिस्ट्रिब्यूशनमध्ये) मशीनच्या नावासाठी १२७.०.१.१ अशी वेगळी ओळ ठेवण्याची पद्धत आहे. तिचे योग्य रूप असे असते:

१२७.०.१.१   मेल.एक्झाम्पल.ऑर्ग   मेल

आणि बिघडलेल्या मशीनवर बहुधा असे सापडते:

१२७.०.१.१   मेल   मेल.एक्झाम्पल.ऑर्ग

दोन्ही ओळींत तीच माहिती आहे असे वाटते, पण पत्त्यानंतर येणारे पहिले नाव हे अधिकृत आणि उरलेली सगळी उपनावे, असा या फाइलचा नियम आहे. दुसऱ्या रूपात अधिकृत नाव ‘मेल’ एवढेच ठरते, म्हणून होस्टनेम -एफ टिंबाशिवायचे नाव देते. गंमत अशी की सेंडमेल या चुकीवर पांघरूण घालते: अधिकृत नावात टिंब नसेल तर ते उपनावांच्या यादीत टिंब असलेले नाव शोधते आणि सापडल्यास तेच धरून चालते. त्यामुळे सेंडमेल वर्षानुवर्षे नीट चालत असलेल्या मशीनवर दुसरा मेल प्रोग्राम बसवला की ‘नव्या प्रोग्रामने नाव बिघडवले’ अशी ओरड होते. प्रत्यक्षात ओळ पहिल्यापासून उलटीच असते.

दुसरी चूक जरा जुन्या वळणाची आहे. सर्व्हरचे पूर्ण नाव १२७.०.०.१ च्या ओळीत, लोकलहोस्टच्या आधी कोंबलेले असते. त्यामुळे १२७.०.०.१ या पत्त्याचा उलट शोध घेतला की उत्तरात सर्व्हरचे नाव येते, आणि सर्व्हरच्या नावावर ऐकायला सांगितलेली सेवा केवळ लूपबॅकवर, म्हणजे मशीनच्या आतल्या पत्त्यावर, ऐकू लागते. पोस्टफिक्स या मेल प्रोग्राममध्ये आयनेट_इंटरफेसेस या सेटिंगला मशीनचे नाव दिलेले असेल तर नेमके हेच होते: पोर्ट २५, म्हणजे मेल येण्याचे दार, मशीनच्या आतून उघडे दिसते आणि बाहेरून बंद. १२७.०.०.१ आणि ::१ या दोन्ही ओळी लोकलहोस्टसाठीच मोकळ्या ठेवाव्यात. मशीनला स्थिर पत्ता असेल तर पूर्ण नाव त्या खऱ्या पत्त्यासमोर लिहावे, नसेल तर १२७.०.१.१ समोर.

एनएसस्विच.कॉन्फमधील ‘होस्ट्स:’ ही ओळ कोणत्या स्रोताला आधी विचारायचे ते ठरवते. ‘फाइल्स डीएनएस’ हा साधा क्रम मेलसर्व्हरला पुरेसा असतो. सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) असलेल्या वाटपांत त्यात ‘मायहोस्टनेम’ हा आणखी एक स्रोत असतो, आणि तो डीएनएसच्या आधी आला की एक सूक्ष्म घोटाळा होतो. होस्ट्स फाइलमध्ये मशीनची ओळ नसेल तर हा स्रोत स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो, नाव जसे असेल तसे, म्हणजे डोमेनशिवाय, परत देतो आणि प्रश्न डीएनएसपर्यंत पोहोचतच नाही. मशीनला एकही पत्ता मिळालेला नसेल तर हाच स्रोत १२७.०.०.२ हा पत्ता देतो. लॉगमध्ये १२७.०.०.२ दिसल्यावर तो कोणत्याच फाइलमध्ये सापडत नाही म्हणून चक्रावून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. होस्ट्स फाइलमध्ये योग्य ओळ असली आणि ‘फाइल्स’ पहिल्या क्रमांकावर असले की या स्रोताचा त्रास उरत नाही.

एमडीएनएस (एकाच जाळ्यातील मशीननी डीएनएसशिवाय एकमेकांची नावे शोधण्याची पद्धत) वापरणाऱ्या मशीनवर ‘एमडीएनएस४_मिनिमल [नॉटफाउंड=रिटर्न]’ असा मजकूर याच ओळीत दिसतो. अंतर्गत जाळ्यासाठी कोणी .लोकल हे डोमेन निवडले असेल तर त्या डोमेनमधील नावे डीएनएसला विचारलीच जात नाहीत, कारण .लोकल हे एमडीएनएससाठी राखीव आहे. यावर एनएसस्विचमध्ये खाडाखोड करण्यापेक्षा डोमेन बदलणे बरे.

कर्नलचे नाव कुठे ठेवावे, याबाबत प्रणालीगणिक पद्धत वेगळी आहे. सध्याच्या लिनक्स वाटपांत ते /इटीसी/होस्टनेममध्ये असते आणि होस्टनेमसीटीएलने बदलता येते. डेबियनची परंपरा तिथे छोटे नाव ठेवण्याची, तर रेड हॅटच्या घराण्यात पूर्ण नाव ठेवण्याची. फ्रीबीएसडीवर ते /इटीसी/आरसी.कॉन्फमधील होस्टनेम या ओळीत असते, ओपनबीएसडीवर /इटीसी/मायनेममध्ये, आणि बीएसडीच्या दोन्ही प्रणालींत ते पूर्णच लिहिण्याची रीत आहे. मॅकओएसवर एससीयूटिल या आज्ञेने होस्टनेम वेगळे सेट करावे लागते. लिनक्सवर कर्नलचे नाव जास्तीत जास्त ६४ अक्षरांचे असू शकते, हे आपोआप तयार होणाऱ्या लांबलचक नावांच्या मशीनवर आड येते. नावात अधोरेखा वापरू नये. होस्टनेममध्ये अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच चालते आणि काही मेलसर्व्हर या बाबतीत अजूनही काटेकोर आहेत. डोमेननेम नावाच्या आज्ञेने डीएनएसचे डोमेन सेट होते असा एक जुना गैरसमज आहे; ती आज्ञा एनआयएस या वेगळ्या, जुन्या यंत्रणेच्या डोमेनसाठी असून मेलशी तिचा काहीही संबंध नाही.

सेंडमेलचा एक मिनिट

लॉगमध्ये पुढील ओळ दिसली की कारण शोधत बसण्याची गरज नसते:

माय अनक्वालिफाइड होस्ट नेम (मेल) अननोन. स्लीपिंग फॉर रिट्राय

सेंडमेल सुरू होताना कर्नलचे नाव घेते, ते रिझॉल्व्हरकडून पूर्ण करून घेण्याचा प्रयत्न करते, आणि टिंब असलेले नाव मिळाले नाही तर डीएनएस अजून सुरू व्हायचा असेल या आशेवर ६० सेकंद थांबून पुन्हा विचारते. तरीही जमले नाही तर ‘अनेबल टू क्वालिफाय माय ओन डोमेन नेम’ अशी नोंद करून छोट्या नावावरच काम चालू ठेवते. हा विलंब केवळ सर्व्हर सुरू होताना होतो असे नाही. क्रॉन किंवा वेबसाइटचा कोड मेल पाठवण्यासाठी जेव्हा जेव्हा सेंडमेलला हाक मारतो, तेव्हा ती नवी प्रक्रियाही हीच चौकशी करते. म्हणून ‘वेबसाइटवरचा संपर्क फॉर्म एक मिनिट अडकतो’ अशी तक्रार आली तर वेबसाइट तपासण्याआधी मेलचा लॉग पाहावा. अशाच मशीनवर सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने काम करवून घेणारी आज्ञा) वापरताना ‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’ असा इशाराही बऱ्याचदा दिसतो. दोन्हींचे मूळ एकच.

येथे बहुतेक जण सेंडमेलच्या एमसी या सेटिंगच्या फाइलमध्ये कॉन्फडोमेन_नेम ही व्याख्या लिहून मोकळे होतात. त्याने हेडरमध्ये जाणारे नाव सुधारते हे खरे, पण विलंब जात नाही, कारण स्वतःच्या नावाची ही चौकशी सेंडमेल आपली सेटिंग फाइल वाचण्यापूर्वीच उरकते. विलंबावर उपाय होस्ट्स फाइलमधील ओळ हाच. दुरुस्तीनंतर पुढील आज्ञा द्यावी:

सेंडमेल -डी०.४ -बीटी < /डेव्ह/नल

तिच्या उत्तरात ‘सिस्टम आयडेंटिटी’ या शीर्षकाखाली छोटे नाव, पूर्ण नाव आणि डोमेन ओळीने छापले जातात. पूर्ण नावासमोर, म्हणजे $जे समोर, मेल.एक्झाम्पल.ऑर्ग दिसले पाहिजे. ते तत्काळ न दिसता मिनिटभराने दिसले, तर ओळ अजून चुकीचीच आहे.

पोस्टफिक्स: नाव एकीकडे, शोध दुसरीकडे

पोस्टफिक्सचा स्वभाव याच्या उलट आहे. ते स्वतःचे नाव डीएनएसला विचारत नाही. कर्नलने दिलेल्या नावात टिंब नसेल तर ते मायडोमेन मागे जोडते, आणि मायडोमेन कुठे सांगितलेले नसेल तर ‘लोकलडोमेन’. वर आलेला ‘मेल.लोकलडोमेन’ हा पत्ता इथूनच जन्मतो. मिनिटभर अडकणे नाही, लॉगमध्ये इशारा नाही, सगळे शांतपणे चुकीच्या नावाने चालू राहते, म्हणून ही चूक उशिरा लक्षात येते. समोरचा सर्व्हर ‘४५० ४.७.१ हेलो कमांड रिजेक्टेड: होस्ट नॉट फाउंड’ म्हणतो, किंवा नाव अगदीच टिंबाशिवायचे असेल तर ‘५०४ ५.५.२ नीड फुली-क्वालिफाइड होस्टनेम’ म्हणतो, तेव्हा कुठे शोध सुरू होतो. (हेलो म्हणजे जोडणी करताना स्वतःचे नाव सांगण्याची आज्ञा.)

या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंग फाइलमध्ये मायहोस्टनेम आणि मायडोमेन स्वतः लिहावे, अंदाजावर सोडू नये. मेलसर्व्हरचे बाहेरचे नाव हा कोणीतरी जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय असतो. मशीनचे नाव कोणी हलक्या हाताने बदलले म्हणून तो बदलण्याचे कारण नाही. लिहिल्यानंतर पोस्टकॉन्फ मायहोस्टनेम या आज्ञेने सध्याचे मूल्य आणि पोस्टकॉन्फ -डी मायहोस्टनेम या आज्ञेने पोस्टफिक्सने स्वतः काढलेले मूल्य पाहावे. दोन्ही सारखी असतील तर कर्नलचे नावही व्यवस्थित आहे असे समजावे. डेबियनवर मायओरिजिन (पाठवणाऱ्याच्या पत्त्याला जोडायचे डोमेन) हे मूल्य /इटीसी/मेलनेम या फाइलमधून घेतलेले असते आणि मशीनचे नाव बदलताना ही फाइल हमखास विसरली जाते. परिणामी हेलोमध्ये नवे नाव आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यात जुने नाव, असा संकर तयार होतो.

पोस्टफिक्समध्ये खरी पुन्हा पुन्हा येणारी तक्रार मात्र नावाची नसून शोधाची असते, आणि ती क्रूटमुळे, म्हणजे प्रक्रियेला एका निर्देशिकेत कोंडण्यामुळे, येते. डेबियनच्या मास्टर.सीएफ या सेवांच्या यादीत एसएमटीपीसह (मेलची ने-आण करणाऱ्या सेवेसह) अनेक सेवा /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स या कोंडलेल्या निर्देशिकेत चालत आल्या आहेत. त्या कोंडीत बसलेल्या प्रक्रियेला खरी /इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ (डीएनएससाठी कोणत्या सर्व्हरला विचारायचे ते सांगणारी फाइल) दिसत नाही. पोस्टफिक्स सुरू होताना आत ठेवलेली तिची प्रत दिसते. आता रीबूटच्या वेळी जाळे वर येण्याआधी पोस्टफिक्स सुरू झाले, आणि त्या क्षणी रिझॉल्व्ह.कॉन्फ रिकामी होती किंवा अस्तित्वातच नव्हती, तर रिकामी प्रतच आत जाते. पाच सेकंदांनी खरी फाइल भरली जाते, आतली प्रत मात्र तशीच राहते. बाहेरून डिग चालते, गेटएंट चालते, आणि लॉगमध्ये प्रत्येक मेलसमोर ‘नेम सर्व्हिस एरर... होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन’ येत राहते. मग कोणीतरी पोस्टफिक्स रीस्टार्ट करतो, नवी प्रत आत जाते आणि सगळे चालू होते. ‘रीबूटनंतर बिघडते, हाताने रीस्टार्ट केले की सुधारते’ या वर्णनाची जवळजवळ प्रत्येक तक्रार या जातीची असते.

खात्री करणे सोपे आहे. रीबूटनंतर काहीही न हलवता दोन फाइलींची तुलना करावी:

डिफ /इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ

पोस्टफिक्स चेक ही आज्ञाही दोन्ही फाइली वेगळ्या असल्याचा इशारा देते. उपाय दोन. पहिला म्हणजे पोस्टफिक्सच्या सेवेला जाळे खरोखर तयार झाल्यावरच सुरू व्हायला सांगणे; सिस्टमडीमध्ये त्यासाठी नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट हे लक्ष्य ‘आफ्टर’ आणि ‘वॉन्ट्स’ अशा दोन्ही ओळींत द्यावे लागते, नुसते नेटवर्क.टार्गेट पुरत नाही, कारण ते पत्ता मिळाल्याची हमी देत नाही. दुसरा म्हणजे मास्टर.सीएफमधील संबंधित सेवांचा क्रूट हा रकाना ‘एन’ करणे. क्रूटमुळे मिळणारे संरक्षण खरे आहे, पण त्याची देखभाल करायला कोणी नसेल तर तो न वापरलेला बरा. एकट्या माणसाने सांभाळलेल्या सर्व्हरवर मी दुसरा उपाय निवडीन.

आणखी एक जागा अशी जिथे होस्ट्स फाइल बरोबर असूनही पोस्टफिक्स तिकडे बघत नाही. बाहेर मेल पाठवताना नावांचा शोध पोस्टफिक्स मुळात डीएनएसमध्येच घेते, कारण एसएमटीपी_होस्ट_लुकअप या सेटिंगचे मूळ मूल्य ‘डीएनएस’ असते. अंतर्गत रिले सर्व्हरचे (मेल पुढे पोहोचवणाऱ्या सर्व्हरचे) नाव फक्त होस्ट्स फाइलमध्ये लिहून रिलेहोस्टमध्ये दिले, तर पिंग पोहोचते आणि मेल पोहोचत नाही. अशा वेळी हे मूल्य ‘डीएनएस, नेटिव्ह’ करावे आणि रिलेहोस्टमधील नाव चौकोनी कंसात लिहावे, म्हणजे त्या नावाची एमएक्स नोंद (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे जातो ते सांगणारी) शोधली जाणार नाही.

एक्झिम आणि ओपनएसएमटीपीडी या आणखी दोन मेल प्रोग्रामांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, एक्झिम कर्नलकडून नाव घेते आणि ते एकाच भागाचे असेल तर रिझॉल्व्हरकडून पूर्ण करून घेते; प्रायमरी_होस्टनेम ही सेटिंग दिली की हा अंदाज थांबतो, आणि एक्झिम -बीपी प्रायमरी_होस्टनेम या आज्ञेने ती तपासता येते. ओपनएसएमटीपीडी /इटीसी/मेल/मेलनेम ही फाइल असल्यास तिच्या पहिल्या ओळीतील नाव घेते, नसल्यास होस्टनेम.

उशीर, पण चूक नाही

नाव बरोबर मिळते पण फार वेळाने मिळते, ही वेगळी तक्रार आहे आणि तिची चिन्हेही वेगळी आहेत. पोर्ट २५ ला जोडल्यावर सर्व्हरची स्वागताची ओळ पाच किंवा दहा सेकंदांनी येत असेल, तर सर्व्हर बहुधा जोडणाऱ्याच्या पत्त्याचा उलट शोध घेत अडकलेला असतो. ग्लिबसीचा (लिनक्सच्या मूळ लायब्ररीचा) रिझॉल्व्हर एका नेमसर्व्हरची (डीएनएसची उत्तरे देणाऱ्या सर्व्हरची) मुळात ५ सेकंद वाट पाहतो, यादी दोनदा फिरतो आणि रिझॉल्व्ह.कॉन्फमधील पहिले तीनच नेमसर्व्हर विचारात घेतो. त्यामुळे यादीतील पहिला नेमसर्व्हर बंद असेल तर प्रत्येक चौकशीला पाच सेकंदांचा दंड बसतो. चौथ्या ओळीत चांगला नेमसर्व्हर लिहून ठेवला असेल तर त्याचा उपयोग शून्य. खासगी पत्त्यांसाठी उलट शोधाचा झोन (नोंदींचा संच) अंतर्गत नेमसर्व्हरवर असावा, निदान ‘असे नाव नाही’ हे उत्तर तरी लगेच मिळावे. मेलसर्व्हरवरच एखादा लहान कॅशिंग (मिळालेली उत्तरे साठवणारा) रिझॉल्व्हर चालवणे हा या सगळ्यावरचा चांगला तोडगा आहे. सेंडमेल आयडेंटची (जोडणारा वापरकर्ता कोण याची) चौकशी पोर्ट ११३ वर करते तेव्हाही अगदी असाच पाच सेकंदांचा उशीर दिसतो. त्याचा नावांशी संबंध नसतो, फायरवॉल त्या पोर्टवरचे पॅकेट गुपचूप गिळत असते.

रिझॉल्व्ह.कॉन्फमधील ‘सर्च’ ही ओळ (छोट्या नावामागे जोडून पाहायच्या डोमेनची यादी) मेलसर्व्हरवर शक्य तितकी लहान ठेवावी. त्या ओळीतील एखाद्या डोमेनमध्ये वाइल्डकार्ड (कोणत्याही नावाला लागू पडणारी) नोंद असेल, तर चुकीने टंकलेले कोणतेही नाव ‘सापडते’ आणि मेल परत येण्याऐवजी भलत्याच मशीनकडे वळतो.

बाहेरून दिसणारे नाव

आतली तिन्ही नावे जुळली की मगच डीएनएसकडे वळावे. दोन प्रश्न विचारायचे:

डिग +शॉर्ट -एक्स १९२.०.२.२५
डिग +शॉर्ट मेल.एक्झाम्पल.ऑर्ग

पहिल्याचे उत्तर मेल.एक्झाम्पल.ऑर्ग आणि दुसऱ्याचे १९२.०.२.२५ असले पाहिजे. पत्त्यावरून नाव आणि त्या नावावरून परत तोच पत्ता, असे वर्तुळ पूर्ण झाले नाही तर पोस्टफिक्स जोडणाऱ्याचे नाव ‘अननोन’ धरते आणि सेंडमेल हेडरमध्ये ‘मे बी फोर्ज्ड’ अशी शेरेबाजी करते. पीटीआर, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद, डोमेनच्या मालकाकडे नसून पत्त्यांच्या मालकाकडे, म्हणजे सेवा पुरवठादाराकडे असते. आपल्या झोन फाइलमध्ये ती कितीही वेळा लिहिली तरी बाहेर कोणाला दिसणार नाही; पुरवठादाराच्या पॅनेलमध्येच ती लिहावी लागते.

२००८ च्या आरएफसी ५३२१ या मेलच्या मानक दस्तऐवजानुसार हेलोमध्ये दिलेले नाव पत्त्याशी जुळत नाही एवढ्याच कारणाने सर्व्हरने मेल नाकारू नये. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी नाकारले जाते, आणि मोठे मेलपुरवठादार उलट नोंद मागतात. जीमेल ती नसल्यास ५५० ५.७.२५ या संकेताने मेल परत पाठवते. नियम आपल्या बाजूने आहे म्हणून वाद घालण्यापेक्षा नोंद करून घेणे स्वस्त पडते.

अलीकडे या थरात सर्वांत जास्त घात आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) करते. आयपीव्ही४ चे वर्तुळ पूर्ण असते, मग पुरवठादार मशीनला आयपीव्ही६ पत्ता देतो, मेल प्रोग्राम जिथे शक्य तिथे तो वापरू लागतो, आणि त्या पत्त्याला पीटीआर नसल्याने काही ठिकाणचेच मेल परत येऊ लागतात. ‘काही ठिकाणी जातो, काही ठिकाणी नाही’ असे ऐकू आले की बाउन्समध्ये (मेल परत आल्याच्या सूचनेत) कोणता पत्ता छापला आहे ते आधी पाहावे. त्या पत्त्यासाठी पीटीआर आणि एएएए (नावाचा आयपीव्ही६ पत्ता सांगणारी) नोंदी करून घ्याव्यात. तोवर पोस्टफिक्समध्ये आयनेट_प्रोटोकॉल्स हे मूल्य ‘आयपीव्ही४’ ठेवता येते.

येणाऱ्या मेलबद्दल एवढेच की एमएक्स नोंद पत्त्याकडे किंवा सीनेमकडे (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या नोंदीकडे) वळवू नये. तिच्या उजव्या बाजूला ए नोंद (थेट पत्ता सांगणारी) असलेले नावच असावे. आणि ‘मेल लूप्स बॅक टू मायसेल्फ’ हा संदेश आला तर डीएनएस बरोबर आहे असे समजावे: एमएक्स याच मशीनकडे बोट दाखवत आहे, पण मशीनला ते डोमेन आपले असल्याचे सांगितलेले नाही. पोस्टफिक्समध्ये मायडेस्टिनेशन आणि सेंडमेलमध्ये /इटीसी/मेल/लोकल-होस्ट-नेम्स या जागी ते डोमेन लिहावे.

दुरुस्ती पुसली का जाते

होस्ट्स फाइल नीट लिहिली, आणि रीबूटनंतर ती पुन्हा जुन्या रूपात दिसली, तर ती दुसरे कोणीतरी लिहीत आहे. भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर हे काम बहुधा क्लाउड-इनिट ही मशीन सुरू होताना सेटिंग लावणारी प्रणाली करते. तिच्या सेटिंगमध्ये मॅनेज_इटीसी_होस्ट्स हे मूल्य ‘ट्रू’ असेल तर प्रत्येक बूटला ती फाइल साच्यातून नव्याने तयार होते. आपली ओळ साच्यातच घालावी किंवा हे मूल्य ‘फॉल्स’ करावे. प्रिझर्व्ह_होस्टनेम हे मूल्य ‘ट्रू’ केले की मशीनचे नावही तिच्या हातून सुटते. अशी तयार झालेली फाइल उघडल्यास वरच्या टिप्पणीत बहुतेक वेळा ही सूचना लिहिलेलीच असते, फक्त ती वाचली जात नाही. त्याखालोखाल डीएचसीपीचा (मशीनला आपोआप पत्ता मिळवून देणारा) क्लायंट आणि नेटवर्कमॅनेजर हे दोघे रिझॉल्व्ह.कॉन्फ बदलतात, आणि डीएचसीपीकडून नाव आले तर काही वेळा कर्नलचे होस्टनेमसुद्धा. फाइलवर न बदलण्याचा झेंडा लावून ती गोठवणे हा उपाय बराच सुचवला जातो, पण तो टाळावा. त्याने लिहिणारा प्रोग्राम शांत होत नाही, फक्त अपयशी होतो, आणि पुढच्या माणसाला ती फाइल का बदलत नाही हे कळेनासे होते. जो प्रोग्राम लिहितो त्याच्याच सेटिंगमध्ये बदल करावा.

दुरुस्तीची परीक्षा रीबूटनेच घ्यावी. सेवा रीस्टार्ट करून घेतलेली परीक्षा या तक्रारीत ग्राह्य नाही. मशीन वर आल्यावर कशालाही हात न लावता बाहेरच्या एखाद्या खात्यावर मेल पाठवावा आणि पोहोचलेल्या मेलचे मूळ हेडर उघडावे. बिघडलेल्या सर्व्हरची ओळ साधारण अशी असते:

रिसीव्ह्ड: फ्रॉम मेल.लोकलडोमेन (अननोन [१९२.०.२.२५])

आणि नीट झालेल्याची अशी:

रिसीव्ह्ड: फ्रॉम मेल.एक्झाम्पल.ऑर्ग (मेल.एक्झाम्पल.ऑर्ग [१९२.०.२.२५])

कंसाबाहेरचे नाव आपल्या मेल प्रोग्रामने सांगितलेले असते, कंसातले समोरच्या सर्व्हरने पत्त्यावरून स्वतः शोधलेले असते. बाहेरचे चुकले असेल तर मेन.सीएफ किंवा तिच्या समकक्ष फाइलकडे जावे, आतले चुकले असेल तर पीटीआरकडे.

एक काम एवढ्यानेही उरते. दुरुस्तीपूर्वी रांगेत गेलेल्या मेलवर पाठवणाऱ्याचा जुना, चुकीचा पत्ता आधीच लिहिला गेलेला असतो. पोस्टसुपर -आर ऑल या आज्ञेने ते मेल पुन्हा रांगेत घातले तरी, पत्त्यात डोमेन आधीच असल्यामुळे त्याच्या जागी नवे डोमेन बसत नाही. असे मेल समोरून पुन्हा नाकारले जातात आणि परतीचा पत्ता अस्तित्वात नसल्याने त्यांचे बाउन्सही आपल्याच रांगेत साचतात. पोस्टक्यू -पी ने यादी काढून ‘लोकलडोमेन’ असलेले मेल वेगळे करावेत, त्यांतले महत्त्वाचे मूळ जागेवरून पुन्हा पाठवावेत आणि बाकीचे पोस्टसुपर -डी ने काढून टाकावेत.